कवायत न मानणारा सेनापती

माझ्या वडिलांनी उभं आयुष्य शाळेतल्या मुलांना कवायत शिकवली, आणि जन्मात एकच नाटक केलं, तेही कवायतीचा तिटकारा असलेल्या माणसाचं. बाबांना जाऊन काही महिने झाले आहेत. भेटायला आलेली माणसं चहा घेतात आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "तो सेनापती आठवतो का गं?" त्यानंतर घरात जे हसू फुटतं, ते दुखवट्याच्या घरात शोभणारं नसतं. म्हणून लिहून ठेवते आहे. सावकाश लिहिते आहे. एक परिच्छेद झाला की पेनाला टोपण लावून ठेवते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही दादरची भाड्याची खोली सोडून वसईला फ्लॅट घेतला होता. आमची कॉलनी नवी होती आणि तिच्या मागच्या भिंतीपलीकडे भातशेती होती. शेतांच्या पुढे खाडी आणि खाडीच्या काठाला गाव. कॉलनीत सगळे मुंबईला नोकरीला जाणारे. गावात शेती, थोडा धंदा, थोडी नोकरी. मला जुन्या वसईत एका वाचनालयात काम मिळालं होतं. मी, आई आणि बाबा, असं आमचं तिघांचं घर.

वाचनालयात दुपारी फारसं कोणी येत नसे. तिथेच मला जुन्या संस्थानांच्या इतिहासावरच्या एका जाडजूड पुस्तकात तो सेनापती भेटला. संस्थान लहान, राजा तरुण, सेनापती वयस्कर. लहानपणी राजाला घोड्यावर बसायला त्यानेच शिकवलेलं. राजाने शेजारच्या राज्यांत पाहिलं, की बंदुका घेऊन एका ओळीत उभी राहणारी कवायती पलटण आता लढाया जिंकते आहे. त्याने एक गोरा अधिकारी पगारावर ठेवला आणि आपलीही पलटण उभारायला घेतली. सेनापतीला हे अजिबात पसंत पडलं नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं. त्याचे घोडेस्वार शिलेदार होते, म्हणजे घोडा ज्याचा त्याचा, हत्यार ज्याचं त्याचं. असा माणूस आपल्या अब्रूसाठी लढतो. पगारावर ठेवलेला, दुसऱ्याने 'चल' म्हटल्यावर चालणारा आणि 'थांब' म्हटल्यावर थांबणारा माणूस कशासाठी मरेल? राजाचं उत्तरही साधं होतं. घोडा स्वतःचा असला की स्वार आधी घोडा वाचवतो, मग राज्य.

दोघांचंही खरं होतं, आणि मला तेच आवडलं. सेनापतीने उघड बंड केलं नाही. त्याने फक्त दिरंगाई केली. पलटणीच्या कपड्यांची मापं घ्यायला शिंपी पाठवला तो राज्यातला सर्वांत म्हातारा शिंपी. कवायतीला जागा दिली ती नदीकाठची, चिखलाची. सामान वाहायला बैल दिले ते बसके. गोऱ्या अधिकाऱ्याने तक्रार केली की सेनापती अगदी अदबीने चौकशी लावत असे. पुढे दसऱ्याच्या दिवशी राजाने परीक्षा ठेवली. माळावर एका बाजूला पलटण, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. पलटण पाहून सेनापतीने कमरेची तलवार सोडली, राजापुढे ठेवली आणि तो आपल्या गावी निघून गेला. पुस्तकात त्याच्याबद्दल पुढे एक ओळही नव्हती.

मी त्यावर दोन अंकी नाटक लिहिलं. लिहून कपाटात ठेवणार होते, पण आईने ते कॉलनीच्या सेक्रेटरींना सांगून टाकलं. गणपतीतल्या कार्यक्रमांत दर वर्षी फॅन्सी ड्रेस आणि पाककृती स्पर्धा करून ते कंटाळले होते. नाटक ठरलं. राजाचं काम सेक्रेटरींनी स्वतःकडे घेतलं. सभेत बोलायची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज भरदार होता. सेनापतीसाठी सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. ताठ कणा, पांढरे केस, आणि 'सर' म्हणून कॉलनीत मान.

बाबांनी संहिता मागून घेतली, गॅलरीत बसून एका बैठकीत वाचली आणि मला विचारलं, "ह्याला लोक हसणार तर नाहीत ना?"

मी म्हटलं, शिंप्याच्या प्रसंगाला थोडे हसतील.

"शिंप्याला हसू देत. मी ह्याच्याबद्दल विचारतो आहे."

ते असं का विचारत होते, ते मला आणि आईला ठाऊक होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांचा कवायतीचा तास काढून तिथे कॉम्प्युटरचा तास घातला होता. बाबांनी शिक्षकांच्या सभेत उभं राहून विरोध केला. ते म्हणाले, की मुलाला आधी नीट उभं राहता आलं पाहिजे. कोणी रागावलं नाही, कोणी वादही घातला नाही. सगळे हसले. अगदी प्रेमाने हसले, पण हसले. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट एकदाच सांगितली आणि नंतर कधी काढली नाही. आईच्या मते ते सेनापतीचं काम घेणार नव्हते. पण त्यांनी घेतलं.

तालमी आमच्या इमारतीच्या गच्चीवर सुरू झाल्या, आणि लगेच आमची चूक कळली.

घोडेस्वारांसाठी आम्ही खाडीकाठच्या गावातलं लेझीमपथक बोलावलं होतं. आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत दर वर्षी ते पुढे असत. दमदार, उन्हात रापलेले, स्वार म्हणून शोभतील असे. पलटणीसाठी कॉलनीतले नोकरदार घेतले. शिकलेले लोक, सांगितलं तसं चालतील, असा आमचा हिशेब. प्रत्यक्षात झालं उलटं. लेझीमवाल्यांचे पाय लहानपणापासून एकत्र पडत आलेले. लेझीम घरी ठेवून आले तरी पावलं एकाच ठेक्यात. बेबंद, स्वतःच्या मर्जीने येणारे स्वार म्हणून त्यांना आत सोडलं, की कडक कवायती पलटण आल्यासारखी वाटे. आणि पलटण? ती सातच्या पुढे मुंबईहून दमून घरी येणार, त्यात रोज दोघे गैरहजर, तिसरा चप्पल घालून. त्यांना एकत्र चालवलं की रेशनच्या रांगेत धक्काबुक्की झाल्यासारखं दिसे.

मी सुचवलं, अदलाबदल करू या. गाववाल्यांनी पलटण व्हावं आणि कॉलनीने स्वार. लेझीमपथकाचे प्रमुख बाबांच्याच वयाचे होते. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाय ताई. आमी त्या गोऱ्याची पलटन होनार नाय. आमी सेनापतीची मानसं."

"अहो भाऊ, नाटक आहे हे."

"म्हनून तं सांगतो. खऱ्यात काय, कोन पन काय पन होतो."

यावर बाबा इतके खूश झाले, की अदलाबदलीचा विषय तिथेच संपला.

मग मार्गही बाबांनीच काढला. लेझीमवाल्यांना त्यांनी सांगितलं, की प्रत्येकाने आपापल्या बैलाची चाल आठवायची आणि तसं चालायचं. ज्यांच्याकडे बैल उरले नव्हते, त्यांनी जुना बैल आठवावा. गच्चीवर धमाल उडाली. एक जण मान वाकडी करून आला, एक मध्येच अडून उभा राहिला, एक बाजूच्याला ढुशी देत आला. "अरे हा तं तुज्या आज्याचा बैल," असं म्हणत म्हातारे एकमेकांचे बैल ओळखू लागले. भाऊंनी एक पाय किंचित ओढत, डौलात फेरी मारली तेव्हा सगळ्यांनी बाजूला सरून वाट दिली. तो त्यांचा आवडता बैल असावा. स्वार तयार झाले.

राहिली पलटण. तिला शिकवायला बाबांखेरीज दुसरं कोण होतं? रविवारी सकाळी आठ वाजता गच्चीवर 'सावधान', 'विश्राम' सुरू झालं. खालच्या मजल्यावरच्या बायका छताकडे बघून म्हणत, सरांची शाळा भरली. बाबांनी बँकेतल्या, पोस्टातल्या, विम्याच्या कचेरीतल्या पोट सुटलेल्या माणसांना छाती पुढे काढायला शिकवलं. हळूहळू एक टाच पडू लागली. उत्साह वाढला. वालीवच्या कारखान्यात काम करणाऱ्या शेजाऱ्यांनी टाकाऊ पाइप आणून त्याच्या बंदुका केल्या. त्या इतक्या जड झाल्या की दोघांचे खांदे आठवडाभर दुखत होते.

मात्र एक अडचण होती. शेवटच्या प्रसंगात सेनापती पलटणीकडे पाठ करून उभा आहे, असं मी लिहिलं होतं. तो पाहत नाही, फक्त ऐकतो. शंभर पावलांचा एकच आवाज त्याच्या कानावर येतो, आणि आपला काळ संपला हे त्याला कळतं. मला स्वतःला तो प्रसंग फार आवडत होता. पण पलटण चालू लागली, की पाठमोऱ्या बाबांचा उजवा पाय आपोआप ठेका धरायचा. मी टोकायची, ते थांबवायचे, पुन्हा पाय हलायचा. आई म्हणाली, "तुमचा सेनापती फितूर दिसतोय."

आणि घरी आल्यावर वाद. बाबांचं म्हणणं, तो तलवार ठेवणार नाही. मी म्हणायची, इतिहासात तसंच आहे. ते म्हणायचे, तुझ्या त्या पुस्तकातलं तो गावी गेला एवढंच खरं. तलवार ठेवली, हे लिहिणाऱ्याने कल्पनेने लिहिलं. मी म्हणायची, मग तुम्ही काय करताय? असं जेवणाचं पान वाढेपर्यंत चालायचं. एकदा तर ते आमटी वाढून घेताना मध्येच म्हणाले, "त्याने रोज त्या पलटणीला चिखलात पाठवलं ना? मग रोज बघायलाही गेला असणार. शत्रूला कोण इतका वेळ देतं?" मी आणि आई एकमेकींकडे बघून हसलो, पण मी संहिता बदलली नाही.

नाटकाच्या दिवशी पोशाख आले. स्वारांचे फेटे गावानेच आणले होते, उत्तम होते. पलटणीचे लाल कोट मात्र सेक्रेटरींनी नालासोपाऱ्याहून भाड्याने ठरवले होते. गाठोडं सोडलं तर आत लग्नाच्या बँडचे युनिफॉर्म. खांद्यावर सोनेरी झालरी, टोपीत पिसं, आणि एका कोटाच्या खिशात अजून अक्षता. बदलायला वेळ नव्हता. बाबा तेव्हा सेनापतीच्या खोट्या मिशांना खळ लावत पलीकडे बसले होते. त्यांनी काही पाहिलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

मंडप भरला होता. कॉलनी होतीच, पण गावही सगळं आलं होतं, बायकापोरांसकट. पहिला अंक छान गेला. शिंप्याला लोक पोट धरून हसले. राजाशी वाद घालताना बाबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि मागच्या रांगांतली माणसं ऐकायला पुढे झुकली. मी विंगेत संहिता धरून बसले होते. ती मला लागलीच नाही.

दुसऱ्या अंकात दसऱ्याचा माळ. स्वार आले. आपापल्या बैलांच्या चालीने, मान उडवत, अडत, खूर आपटत आले आणि गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. मग बाबा पलटणीच्या बाजूला पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. समोरच्या विंगेतून लाल कोट आत शिरले.

क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग मंडपाच्या मागून कोणीतरी विचारलं, "वरात कुठंशी आली?"

सगळा मंडप फुटला. दुसऱ्याने गाण्याची फर्माईश केली. लहान मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. पलटण बिचारी चालत होती, नेटाने, एका पावलात, समोर नजर ठेवून. पण तो आवाज हशात बुडाला.

बाबांना मागचं काही दिसत नव्हतं. ते फक्त ऐकत होते. मला मात्र त्यांचा चेहरा अगदी समोर दिसत होता. पहिल्यांदा त्यावर नवल आलं. मग ते नवल गेलं, आणि त्यांनी हनुवटी थोडी वर उचलली, एखाद्याने समोरून मारायला हात उगारल्यावर उचलावी तशी. त्यांना वाटत होतं, लोक त्यांनाच हसताहेत. मी हातवारे करून कोटाकडे, टोपीकडे बोट दाखवत होते. त्यांना ते समजत नव्हतं. पलटण थांबली. आता तलवार सोडायची होती. हात कमरेकडे गेला.

आणि बाबा वळले.

संहितेत हे नव्हतं. त्यांनी पलटणीकडे पाहिलं. झालरी, पिसं, सोनेरी बटणं, सगळं डोक्यापासून पायापर्यंत. हसू अजून चालू होतं. त्यांनी कमरेवरचा हात काढला आणि ते रांगेच्या पहिल्या टोकाला गेले. पहिल्या माणसाच्या टोपीचं पीस सरळ केलं. दुसऱ्याच्या बंदुकीचा पाइप बोटाने अर्धा इंच मागे ढकलला. तिसऱ्यापुढे, पोस्टातल्या काकांपुढे, ते उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "टाच."

काकांची टाच जुळली. तिचा आवाज झाला, कारण तोपर्यंत मंडपात दुसरा आवाज राहिला नव्हता. बाबा रांगेच्या शेवटापर्यंत गेले. घाई नाही. एकेका माणसाकडे ते असे बघत होते, की बँडचा कोट घातलेला तो माणूस तेवढ्यापुरता शिपाई होत होता. मग ते राजापुढे आले.

"महाराज, माणसं चांगली आहेत. शिकवणारा कच्चा आहे. उद्यापासून यांची कवायत मी घेईन."

राजाकडे यावर वाक्यच नव्हतं. त्याचं पुढचं वाक्य होतं, 'सेनापती, ही तलवार खाली का ठेवता?' आणि तलवार तर कमरेलाच होती. सेक्रेटरींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून कॉलनीच्या सभेत येतं तेच आलं.

"ठराव मंजूर."

त्यानंतर जे हसू उठलं ते थांबेचना. स्वार हसले, पलटण हसली, गोरा अधिकारी झालेले विम्यातले गृहस्थ डोळे पुसायला लागले. आणि बाबाही हसले. मिशीची एक बाजू सुटून लोंबत होती, ती एका हाताने दाबून धरून, रंगमंचाच्या मधोमध उभे राहून हसले. पडदा ओढणाऱ्याने पडदा ओढला, पण लोक उठेनात.

पडद्यामागे मी त्यांना म्हटलं, बाबा, माझ्या नाटकाची तुम्ही वाट लावलीत. ते म्हणाले, "मी काय करू? टाच वर होती." मला रागवायचं होतं, जमलं नाही.

मंडपाबाहेर चहाची किटली फिरत होती. आम्ही बाहेर आलो तर तिथे भांडण चाललेलं. आधी मला वाटलं, खुर्च्यांवरून असेल. जवळ गेल्यावर ऐकलं, तर वाद सेनापतीवरून होता. भाऊंचं ठाम मत, की सेनापतीचं चुकलंच नाही. ज्याचा घोडा त्याची लढाई. पोस्टातले काका, लाल कोट अजून अंगावर, त्यांना समजावत होते की अहो, घोडा वाचवायला माणूस पळतो. भाऊ म्हणाले, "पलतो तं पलतो, पन मग परत कोन येतो? घोडेवालाच येतो. तुमचा पगारवाला येल काय?" काका म्हणाले, "पगार वेळेवर दिला तर येईल." बायकाही त्यात पडल्या. एकीचं म्हणणं, राजाने म्हाताऱ्याला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. आई म्हणाली, म्हाताऱ्याने तरी कधी नीट तोंड उघडलं होतं का, नुसता शिंपी पाठवत बसला.

मी वाचनालयातल्या कपाटाच्या खालच्या खणातून, धुळीतून ज्या माणसाला वर काढलं होतं, त्याच्याबद्दल खाडीकाठचं गाव आणि आमची कॉलनी असं तावातावाने भांडत होती. कोणीही त्याला वेडा म्हणत नव्हतं. बाबा बशीत चहा ओतून एकदा ह्याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत ऐकत होते. त्यांचा असा चेहरा मी शाळेच्या निरोप समारंभातसुद्धा पाहिला नव्हता.

शेवटी भाऊंनी त्यांनाच गाठलं. "सर, खरं सांगा. ते नाटकातलं जाऊ द्या. पलटन आली तं आली. तुमी त्याच्या जागी असता तं काय केला असता?"

बाबांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि विचार करून म्हणाले, "भांडलो असतो. शेवटपर्यंत भांडलो असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर जाऊन उभा राहिलो असतो."

"मंग हरला कोन?" भाऊंनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मला सकाळी लवकर उठायचंय," बाबा म्हणाले, आणि भाऊ इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं, की हे नाटक आपल्या देवळापुढे पुन्हा करायचं, आणि कोट हेच पाहिजेत.

घरी येताना आईने बाबांच्या मिशीची उरलेली बाजूही ओढून काढली. ते ओरडले, आणि मग जिना चढता चढता मला म्हणाले, "देवळापुढे करायचं तर शेवट लिहून ठेव नीट. दर वेळी मला सुचेलच असं नाही." मी म्हटलं, लिहिते, पण इतिहासाच्या विरुद्ध जातंय. त्यांनी कुलपाला किल्ली लावली, दार उघडलं आणि म्हणाले, "जाऊ दे की. सेनापती हसला असता."